चौतीस फोड

मंगळवारी रात्री मुक्ताच्या वेण्या सोडताना मला तिच्या मानेखाली तीन लाल ठिपके दिसले. २०२४ चा फेब्रुवारी. करी रोडला आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो, तरी डास असतातच. सासूबाई म्हणाल्या, "डास चावलेत गं, खोबरेल लाव." मी खोबरेल लावलं आणि विसरून गेले.

बुधवारी ती शाळेत गेली. ताप नव्हता, डबा सगळा खाल्ला होता. संध्याकाळी खाली खेळली, नंतर शेजारच्या दीपाकडे जाऊन चित्रं काढत बसली. आमच्या मजल्यावरची सगळी माणसं जुन्या चाळीतली. पुनर्विकासात टॉवर मिळाला, पण दारं उघडी ठेवायची सवय गेलेली नाही. पोरं चार घरांत फिरून जेवतात. मला हे फार आवडतं, म्हणूनच पुढचं सगळं मनाला जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी आंघोळ घालताना पोटावर सात-आठ ठिपके होते, एक काखेत, एक कानामागे. बेंबीजवळच्या एका ठिपक्यावर पाण्याचा थेंब ठेवावा तसा बारीक फोड होता. बोट लावलं तर मऊ लागला. तो फोड पाहिला आणि पोटात गोळा आला. लहानपणी मला कांजिण्या झाल्या होत्या, तसला फोड माणूस विसरत नाही. पण लगेच मनात आलं, कांजिण्या कशा असतील? लस तर दिली आहे. मी मोठ्याने तसंच म्हणाले. आईंनीही, म्हणजे सासूबाईंनीही, तेच म्हटलं, "टोचलंय ना तिला? मग येत नाहीत."

आईंचं हे म्हणणं मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवलं. त्यांच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल व्रण आहेत, पावलीएवढे. त्यांच्या पिढीने लस म्हणजे काय ते देवीवरून शिकलं. टोचलं की देवी येत नाही, आणि मग देवी खरंच देशातून गेली. १९७५ मध्ये आपल्याकडे शेवटचा रुग्ण सापडला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. मुंबईचं तर या लशीशी नातं फार जुनं. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती इथेच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. दोनशे वर्षं या शहराने लस म्हणजे भिंत असंच मानलं असेल, तर आईंचं काय चुकलं? मी शिकलेली, नोकरी करणारी, तरी माझ्याही डोक्यात तीच भिंत होती.

मी वर्गाच्या ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत एका मुलाच्या आईचा फोन आला. तिच्या मुलाला दोन आठवड्यांपूर्वी कांजिण्या झाल्या होत्या, ५ तारखेला अंगावर उठल्या होत्या. शाळेला तिने कळवलं होतं, शाळेने बाकीच्या पालकांना कळवलं नव्हतं. मी बोटांवर दिवस मोजले. ५ ते २०, पंधरा दिवस. हा विषाणू अंगात शिरल्यापासून फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, बहुतेकांना १४ ते १६, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

लालबागला आमचे मुलांचे डॉक्टर आहेत, मुक्ताला जन्मापासून तेच बघतात. त्यांनी आधी मला तिला बाहेरच्या बाकावर बसवू दिलं नाही. मागच्या दाराने सरळ आत घेतलं, कारण बाहेर तान्ही बाळं होती. मग म्हणाले, "फाईल बघू."

फाईल मी आणली होती. टॉवर होईपर्यंतच्या ट्रान्झिटच्या घरातून नव्या घरात येताना ती एका खोक्यात गेली होती आणि वर्षभर त्याच खोक्यात होती. कांजिण्यांच्या रकान्यात पहिल्या डोसची तारीख होती, मुक्ता सोळा महिन्यांची असतानाची. त्याच्या खालच्या ओळीत पेन्सिलने फक्त 'दुसरा, ४ ते ६ वर्षं' असं लिहिलेलं. पुढे काही नाही. तिची चार वर्षं भरली तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते, दवाखान्यात जायची भीती वाटायची, मग घर बदललं, मग पहिली सुरू झाली. ही लस सरकारी लसीकरणात नाही. पोलिओसारखी किंवा गोवर-रुबेलासारखी ती कोणी आठवण करून देऊन देत नाही. आपणच लक्षात ठेवायची, आपणच पैसे भरायचे. मी ठेवली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मुक्ताचे केस बाजूला करून टाळू पाहिली, तोंडात बॅटरी मारली, तळहात-तळपाय पाहिले. "तळहातांवर नाहीत, तोंडात नाहीत. हात-पाय-तोंडाचा आजार नाही. या कांजिण्याच." मग त्यांनी एक काम सांगितलं, जे मला तेव्हा विचित्र वाटलं. "घरी जाऊन फोड मोजा. उद्या परत मोजा. मला आकडा सांगा."

मी विचारलं ते प्रत्येक आई विचारेल तेच. "डॉक्टर, लस देऊनही होतात?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. कांजिण्यांची लस म्हणजे तोच विषाणू, पण दुबळा केलेला, जिवंत. शरीराला त्याची ओळख करून दिली जाते. एका डोसनंतर शंभरातल्या ऐंशीच्या आसपास मुलांना कांजिण्या होतच नाहीत. उरलेल्यांना विषाणूची गाठ पडली तर होऊ शकतात, पण बहुतेक वेळा हलक्या. ताप नसतो किंवा थोडासा, फोड पन्नासाच्या आत, त्यातही पाण्याचे थोडे आणि नुसते लाल पुरळ जास्त. लस न घेतलेल्या मुलाला अडीचशे ते पाचशे फोड येतात. दुसरा डोस दिला की संरक्षण नव्वदच्या वर जातं. जिवावर बेतणारा आजार तर एका डोसनेही जवळजवळ पूर्ण टळतो. अमेरिकेत १९९५ पासून एकच डोस देत होते. शाळांमध्ये लस घेतलेल्या मुलांतही साथी येताना दिसल्या, म्हणून २००६ मध्ये तिथे दुसरा डोस ठरवला. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही दोन डोस सांगतात, आणि आता बरेच जण दुसरा डोस पाचव्या वर्षापर्यंत न थांबता पहिल्यानंतर तीन महिन्यांनीच देतात.

"लसीमुळेच तर नाही ना झालं?" हाही प्रश्न मी विचारला. लस दिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांना दोन-चार पुळ्या येतात, त्या लशीच्या असू शकतात. साडेपाच-सहा वर्षांनंतर आलेल्या नाहीत. हा बाहेरचा, वर्गातून आलेला विषाणू.

औषध फारसं नव्हतंच. खाजेसाठी कॅलामाइन, ताप आलाच तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात नाही, कांजिण्यांत मुलांना ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. आयब्युप्रोफेन असलेली तापाची औषधंही नकोत असं त्यांनी लिहूनच दिलं, कारण आमच्या घरी तीच बाटली असते. नखं कापा. रोज आंघोळ घाला. शेवटचं ऐकून आईंचा चेहरा पडला असता, पण त्या घरी होत्या.

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरात किंवा शेजारी कोणी गरोदर आहे? कोणी स्टिरॉइड किंवा केमो घेतंय? कोणाला कांजिण्या झालेल्याच नाहीत?"

मला आधी दीपा दिसली. पाचवा महिना. काल संध्याकाळी मुक्ता तिच्या मांडीला टेकून चित्र काढत होती.

आणि मग अभय. माझा नवरा. त्याला कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे मला माहीतच नव्हतं.

घरी आल्यावर मी मुक्ताला बेडरूममध्ये बसवलं आणि दीपाच्या उघड्या दाराशी उभी राहिले, आत गेले नाही. पॅसेजमधूनच सांगितलं. ती हसत होती, हळूहळू हसणं थांबलं. "वहिनी, मला झाल्या होत्या का ते आईला विचारावं लागेल," म्हणाली. तिची आई साताऱ्याला. फोन लागला, पण आईलाही नक्की आठवेना. थोरल्या बहिणीला झाल्या होत्या, हिला गोवर झाला होता की कांजिण्या, घोटाळा. त्याच रात्री दीपाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणी सांगितली, अंगात कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आहेत का ती. नसतील तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, दहा दिवसांच्या आत. गरोदर बाईला कांजिण्यांची लस देता येत नाही, कारण ती जिवंत असते. आणि आजार झाला तर आईच्या फुप्फुसांना धोका, पहिल्या पाच महिन्यांत बाळालाही थोडा धोका. दीपा नेमकी त्या उंबरठ्यावर होती.

अहवाल यायला शनिवार उजाडणार होता. ते दोन दिवस मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ऑफिसला रजा टाकली होती. फोड मोजत होते एवढं आठवतं. गुरुवारी रात्री एकोणीस. शुक्रवारी सकाळी सत्तावीस, रात्री चौतीस. मुक्ताला त्याचं काही नव्हतं, ती आरशासमोर उभी राहून माझ्याबरोबर मोजायची आणि पायावरचा राहिला म्हणून मला टोकायची. ताप ९९.४ च्या वर गेलाच नाही. खाज होती, पण रात्री झोपत होती. शनिवारी नवा एकही नाही. चौतीसवरच थांबलं.

तिला बरं वाटत होतं याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच, इतकी बरी होती म्हणून मी तिला बुधवारी शाळेत पाठवलं. पाचशे फोड आणि १०३ ताप असता तर कोणी तिला दीपाकडे जाऊ दिलं असतं? फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून हा आजार पसरतो, श्वासातून, फोडांतल्या पाण्यातून. पन्नासाच्या आत फोड असलेलं लस घेतलेलं मूल लस न घेतलेल्या मुलाच्या मानाने एक-तृतीयांशच पसरवतं असं डॉक्टर म्हणाले. पण एक-तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे. लशीने माझ्या मुलीला वाचवलं आणि त्याच लशीने आजार इतका हलका केला की मला तो दिसला नाही. न दिसणं ही माझी चूक, लशीची नाही, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते.

वर्गशिक्षिकेला मी गुरुवारी रात्रीच फोन केला आणि या वेळी सगळ्या पालकांना कळवा म्हणून हट्ट धरला. त्यांनी कळवलं.

आईंनी शुक्रवारपासून घरात फोडणी बंद केली. कांजिण्या म्हणजे देवीचं येणं, घरात तडतडलेलं चालत नाही, हे त्यांच्या सासूचं. मीठ-भात, दूध, वरण, दही. मुक्ताच्या तोंडाला चव नव्हतीच, तिला तेच गेलं. त्यांना आंघोळ मात्र पटत नव्हती. मी डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या कानाला दिला. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्याने घाला, कडुलिंबाचा पाला टाकायचा असेल तर टाका, पण तो अंगावर घासू नका, फोड फुटले तर पिकतात. आईंना कडुलिंबाची परवानगी मिळाली तेव्हा बाकीचं सगळं मान्य झालं. लालबागच्या बाजारातून त्या स्वतः पाला घेऊन आल्या. आजारी पोराच्या उशाशी बसायची त्यांची जी रीत आहे, ती मला डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकीच मोलाची वाटते.

त्यांनी एकदा हळूच विचारलं, "मला होईल का गं हिच्याकडून?" त्यांना लहानपणी होऊन गेल्या होत्या, त्यामुळे भीती नव्हती. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती त्यांना ठाऊकच नव्हती. नागीण म्हणतात ती याच विषाणूची. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात जागा होतो. म्हणजे नागीण दुसऱ्याकडून येत नाही, ती आपल्याच आतली. पण नागीण झालेल्या माणसाच्या फोडांतून ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. आईंच्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी कमरेवर नागीण झाली होती आणि आम्ही मुक्ताला घेऊन तिला भेटायला गेलो होतो. तेव्हा कोणालाच काही वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दीपाचा अहवाल आला. प्रतिपिंडं होती, भरपूर. म्हणजे साताऱ्याला कधीतरी, बहिणीबरोबरच, तिलाही कांजिण्या होऊन गेल्या होत्या. ती पॅसेजमध्ये आली, मी माझ्या दारात होते, मध्ये दहा फूट. दोघी रडलो.

आता अभयचं.

आईंनी आठवून सांगितलं की त्याला झाल्या नव्हत्या. मोठ्या भावाला झाल्या तेव्हा हा मामाकडे राजापूरला होता. डॉक्टरांनी गुरुवारीच सांगितलं होतं, झाल्या नसतील तर संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत, लस घ्या. आजार टळू शकतो किंवा हलका होतो. मुक्ता पसरवायला लागली असणार रविवार-सोमवारपासून, म्हणजे गुरुवार हा चौथा-पाचवा दिवस. अभय म्हणाला, मार्चअखेरची कामं आहेत, रविवारी घेतो. दीपाच्या काळजीत मी त्याला ढकललं नाही. हे मी लपवत नाही, कारण याचीच किंमत सगळ्यात जास्त पडली.

६ मार्चला तो लोकलमधून उतरला तोच थंडी वाजत. रात्री १०३. अंग मोडून आलं होतं, पाठ धरून बसला. सकाळी छातीवर फोड, दुपारी चेहऱ्यावर, संध्याकाळी टाळूत, पापणीवर, घशात. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. मोठ्यांना कांजिण्या मुलांपेक्षा पुष्कळ जड जातात हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. फिजिशियनने पहिल्याच दिवशी ॲसायक्लोविर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. ते फोड उठल्यापासून २४ तासांत सुरू झालं तरच खरा उपयोग, असं ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी खोकला लागला म्हणून छातीचा एक्स-रे काढला. न्यूमोनिया नव्हता. तो एक्स-रे हातात येईपर्यंत मी जिन्यात बसून होते.

सवय झाली होती म्हणून मी त्याचेही मोजायला घेतले. नुसत्या पाठीवर नव्वद झाले तेव्हा थांबले. मुक्ता दारातून पाहत होती. "बाबाला इतके का?" म्हणाली. "बाबाने लस घेतली नव्हती म्हणून," मी म्हटलं. एकाच घरात, एकच विषाणू, दोन आठवड्यांच्या अंतराने. तिचे चौतीस खपल्या न धरताच विरून गेले आणि सात दिवसांत ती शाळेत. तो अठरा दिवस घरी. धुळवडीला खाली उतरला तेव्हा कपाळावर दोन खड्डे होते, ते अजून आहेत.

त्याच्या उशाशी बसून मी या लशीबद्दल वाचत होते. ती जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी तयार केली. १९६४ मध्ये त्यांच्या लहानग्या मुलाला कांजिण्या झाल्या, तो फार आजारी पडला, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या या डॉक्टरांनी पुढे त्याच विषाणूचा पाठपुरावा केला. १९७४ पर्यंत लस तयार झाली. दुबळा केलेला तो विषाणू ज्या मुलाच्या फोडांतून घेतला त्याचं आडनाव ओका, म्हणून आजही जगभर त्याला ओका विषाणू म्हणतात. मुक्ताच्या दंडात सोळाव्या महिन्यात गेला तो कुठल्यातरी जपानी पोराच्या अंगावरच्या फोडांतला वंशज. हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी पोराबद्दल फार माया वाटली.

सगळं बरं झाल्यावर आई माहीमच्या शितळादेवीला दहीभाताचा नैवेद्य घेऊन गेल्या. मी बरोबर गेले. येताना आम्ही दिराच्या घरी उतरलो आणि मी जाऊबाईंकडे त्यांच्या धाकट्याची फाईल मागितली. दोन वर्षांचा आहे तो. पहिला डोस होता, दुसरा नव्हता. पुढच्याच शनिवारी आम्ही दोघी त्याला घेऊन लालबागला गेलो. डॉक्टरांनी आधी विचारलं, गेल्या महिन्याभरात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिली आहे का. दोन्ही लशी जिवंत असतात, त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यायचे. त्याहून जवळ दिल्या तर दुसरी नीट लागत नाही. असलं काही तरी मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

जुलैत दीपाला मुलगी झाली. बारशाला आमचा सगळा मजला तिच्या घरात होता, दार नेहमीसारखं उघडं. मुक्ता मात्र आत येईना. उंबरठ्याबाहेर उभी राहिली, फ्रॉकच्या बाह्या वर करून दोन्ही हात पुढे धरले आणि दीपाला म्हणाली, "काकू, बघ, एकपण नाहीये. पाठ पण बघ. आईने सकाळी मोजलंय. आता येऊ?"